फिक्सेटिव्हनंतर धुरकटलेला कोपरा

फिक्सेटिव्हचा डबा हलवला की आत एक गोळी खडखड वाजते. ती वाजली की माझ्या छातीत धस्स होतं, आजही. सून हसते. म्हणते, "आई, तुम्ही शेतात साप निघाला तरी जागच्या हलत नाही, अन् ह्या डब्याला भिता?" हसू दे. साप आपल्या वाटेनं निघून जातो. फवारा एकदा सुटला की परत डब्यात घालता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी सॉफ्ट पेस्टलनं चित्रं काढते. हे शाळेतले मेणाचे खडू नव्हेत. ही नुसती रंगीत भुकटी असते, काडीच्या आकारात दाबलेली. कागदाला ती चिकटत नाही, त्याच्या खरखरीत अंगावर बसून राहते, रस्त्याकडेच्या बाभळीवर फुफाटा बसतो तशी. बोट लागलं, पदर घासला, बस खड्ड्यात आदळली की गेली. तिला धरून ठेवायला वरून बारीक फवारा मारायचा, त्याला फिक्सेटिव्ह म्हणतात. पण हा फवारा फुकट काम करत नाही बघा. रंगातला उजेड थोडा पिऊन टाकतो. गडद रंग आणखी गडद होतात, आणि फिके, ज्यांच्यासाठी आपण दुपारभर उन्हात बसलो, ते मान खाली घालतात. कधी जरासे, कधी पुरते. आधी सांगत नाहीत.

मला हे कुणी शिकवलं नाही. नातीनं अर्धवट टाकलेली खडूंची पेटी माझ्या हाती लागली, तेव्हा मी साठीला आले होते. मोबाइलवर एक परदेशी बाई माळावर बसून चित्र काढायची. तिची भाषा कळत नव्हती, हात कळत होते. आयुष्यभर रांगोळी काढलेली, त्यामुळे चिमटीत भुकटी कशी धरायची ते मला सांगावं लागलं नाही. पण रांगोळी सकाळी झाडून टाकायची असते, म्हणून तिची भीती वाटत नाही. चित्र राहावंसं वाटायला लागलं आणि भीती सुरू झाली. आधी मी सुनेचा केसांचा फवारा मारून पाहिला. चित्राला लग्नघरासारखा वास आला आणि पुढं आभाळ पिवळं पडलं, कावीळ झाल्यासारखं. मग मुलानं नांदेडच्या दुकानातून खरा डबा आणून दिला. त्यावर ज्वाळेचं चित्र होतं, उन्हात ठेवू नका, विस्तवाजवळ मारू नका. आमच्या मराठवाड्यात उन्हात ठेवू नका म्हणजे ठेवायचं तरी कुठं?

पण मला सांगायची ती भीती डब्याची नाही. ती डोळ्यांची आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लातूरला लेकाजवळ राहते. तिला आता दिसत नाही. दिवस आहे का रात्र एवढंच कळतं. तिला अंधुक दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की मोतीबिंदू आहे. आमच्याकडं म्हातारपणी दुसरं काय होतं डोळ्याला? आणि मोती म्हटलं की पिकू द्यायचा. हिरवा असताना काढत नाहीत, असं प्रत्येकाला पाठ असतं. "पिकू दे गं, पिकला की काढू," असं म्हणत अक्कानं दोन सुगी घालवल्या. शेवटी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, हा मोती नाहीच, काचबिंदू आहे. तो पिकत नाही. तो खात जातो.

त्याच वेळी डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं होतं की हे घराण्यात असतं, सख्ख्या भावंडांनी डोळे तपासून घ्यावेत. भाच्यानं लगेच मला फोन केला. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग थंडी होती. खरं कारण एकच. तपासलं नाही तोवर मला काही झालेलं नव्हतं. आणि उशिरा का होईना, डोळ्यांचं खरं काम मला आत्ता कुठं सापडलं होतं. ते हातचं जाणार असलं तर मला कळायलाच नको होतं.

वेळ अमावास्येला मी नांदेडहून आले आणि आम्ही सगळे अक्काच्या शेतात गेलो. शेत देवणीकडं आहे. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, माणसं रानात. भाच्यानं कडब्याची कोप, छोटी खोपटी, उभी केली होती, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, त्यांच्यापुढं दिवा, आंबिलाचं मडकं, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे. अक्काला कोपीच्या तोंडाशी घोंगडीवर बसवलं. ती तिथूनच हुकूम सोडत होती.

"भज्जीत चिंच कमी हाय गं."

"आधी तोंडात तर घाल, अक्का."

"वासानं कळतंय. डोळं गेलेत, नाक न्हाई."

जेवणं झाल्यावर मी फळी मांडीवर घेऊन बांधावर बसले. समोर ज्वारी पोटऱ्यात आलेली, तिच्या पानांवर तो निळसर हिरवा, जो कुठल्याच एका काडीत मिळत नाही. मधे तुरीचे तपकिरी पट्टे. आणि उजवीकडं वर, बाभळींच्या रांगेमागं, आभाळ. मार्गशीर्षातलं दुपारचं आभाळ निळं नसतंच, ताकात हळदीचं बोट बुडवल्यासारखं असतं. तो कोपरा मला साधला. सांगते ना, आपल्याला कळतं. हात थांबतो आणि कळतं की आता तिथं पुन्हा बोट लावायचं नाही.

माप घ्यायची माझी रीत अशी, की काडी हातभर लांब धरायची, एक डोळा मिटायचा आणि झाडाची उंची काडीवर मोजायची. मिटते तो कायम डावा. का, ते मला ठाऊक नाही. डावाच मिटतो.

ऊन कलल्यावर भाचा जीप काढायला निघाला. पाणंदीचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे, न फवारता चित्र नेलं असतं तर लातूरपर्यंत निम्मं रान मांडीवर सांडलं असतं. कोपीत दिवा होता, शेजारी चूल धुमसत होती, म्हणून मी डबा घेऊन लांब, विहिरीच्या अंगाला गेले. फळी बाभळीला टेकवली. वाऱ्याकडं पाठ केली. डबा हलवला. गोळी वाजली.

"मावशी, चिलटं मारायलीस का?" भाचा लांबून ओरडला.

"तुझी जीप बघ तू."

फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा, कागदावरून हात एका चालीनं न्यायचा, पलीकडं बाहेर थांबवायचा. मधेच थांबलं की थेंब पडतो, आणि थेंब पडला की चित्राला देवी आल्यासारखं दिसतं. पहिला हात मारला. वाळू दिला. दुसरा मारायला बोट दाबलं आणि वारा फिरला. एकदम, कुणी दार उघडावं तसा. सगळा फवारा माझ्या तोंडावर. उजव्या डोळ्यात अशी आग झाली की मी डबा टाकून बसकण मारली.

माणसं धावली. बोअर चालू करून भाच्यानं डोळ्यावर पाणी मारलं, कितीतरी वेळ. उजवा डोळा लाल झाला, उघडेना. मी पदर लावून धरला आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर चित्राकडं पाहिलं. डाव्या डोळ्यानं.

उजवीकडचा वरचा कोपरा गेला होता. काळा नव्हे. धुरकट. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते तसा. बाभळी असून नसल्यासारख्या, मागचं आभाळ मळकं. माझा साधलेला कोपरा.

"मेल्या डब्यानं घात केला," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं डोळा दुखतोय.

तिकडं शेजारच्या शेतांतून 'ओलगे, ओलगे' म्हणत लोक पेटते हेंडगे, म्हणजे कडब्याचे पलिते, घेऊन शेताला फेरी घालायला लागले होते. अक्का कान देऊन ऐकत होती, तिचं तोंड उजळलं होतं. मी जीपमध्ये पदराखाली डोळा झाकून, मांडीवर ते चित्र घेऊन बसले.

सकाळी लातूरला अक्काच्या घरी उठले, तर उजवा डोळा अजून चिकटलेला, पाणी गळणारा. तो मिटून ठेवला आणि चित्र खिडकीत उजेडाला धरलं. आणि इथून ते सुरू झालं, जे मला आजही नीट सांगता येत नाही.

जवळ जाऊन नेमकं त्या कोपऱ्यात पाहिलं तर बाभळी दिसत होत्या. आभाळही. ताकात हळद, जसं काढलं होतं तसं. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, रात्री ओल होती, वाळलं आता. मग मागं सरले, चित्राच्या मधे नजर ठेवली, आणि कोपरा पुन्हा गेला. पुढं गेले, आला. मागं सरले, गेला. असं कुठलं फिक्सेटिव्ह असतं?

चित्र तपासायची एक युक्ती त्या परदेशी बाईकडूनच शिकले होते. चित्र उलटं धरायचं. झाड झाड राहत नाही, आभाळ आभाळ राहत नाही, नुसते रंग राहतात आणि चूक लगेच डोळ्यात भरते. मी चित्र उलटं केलं. आता बाभळीचा कोपरा खाली डावीकडं आला. धुरकटही खाली डावीकडं यायला पाहिजे होता.

तो आला नाही. तो उजवीकडं वरच राहिला. तिथं आता ज्वारी होती, आणि ज्वारी धुरात गेली होती.

मी पुन्हा सुलटं केलं. पुन्हा उलटं. आडवं धरलं. चित्र फिरत होतं, धूर फिरत नव्हता. हातपाय गार पडणं म्हणतात ते मी ऐकलं होतं. माझे ओठ गार पडले. चित्र खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं. दिनदर्शिकेचाही उजवा वरचा कोपरा. दाराकडं पाहिलं. दाराचाही.

अक्का पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिला सगळं ऐकू येतं.

"काय गं, मघापासनं कागद उलटापालटा करायलीस?"

"काही नाही. फवाऱ्यानं चित्र बिघडलं. कोपरा काळा पडला."

तिचे हात थांबले. लसणाची पाकळी तशीच नखात.

"चित्र बिघडलं का डोळा?"

मी चित्र पुन्हा हातात घेतलं.

"मी सुनेला ट्यूबलाइट बदलायला लावली होती," अक्का म्हणाली. "एकदा न्हाई, तीनदा. दुकानदार फसवतंय म्हणून तिला परत धाडली, भांडायला लावलं. मग भिंतीला चुना लावायला लावला. घर अंधारं झालंय म्हणून. घराला काय बी झालं नव्हतं गं."

"अक्का, फवारा गेलाय डोळ्यात. त्यानंच असेल."

"फवारा कुठल्या डोळ्यात गेलाय?"

"उजव्या."

"अन् काळं कशानं दिसायलंय?"

मला डावा हा शब्द तोंडातून काढवेना. अक्कानं तो मी न बोलताच ऐकला. तिनं लेकाला हाक मारली. भाचा दात घासत आला.

"हे मावशीचं चित्र बघ. कुठं काळं पडलंय का?"

त्यानं चित्र हातात घेतलं, खिडकीशी नेलं, तोंडातला फेस सांभाळत म्हणाला, "कुठं? सगळं सारखं तर हाय. लई भारी झालंय मावशी, हे बाभळीमागचं तर..."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या आभाळाचं कौतुक केलं आणि ते मला शिवी दिल्यासारखं लागलं. ते बिघडलेलं असावं, एवढीच माझी इच्छा होती. काळं झालेलं असावं, फाटलेलं असावं, चुलीत घालायच्या लायकीचं झालेलं असावं.

"गाडी काढ," अक्का लेकाला म्हणाली. "मी बी येते."

"आज नको," मी म्हटलं. "उजवा डोळा बरा होऊ दे. नांदेडला गेले की मुलाला घेऊन..."

"पिकू द्यायचंय का?"

त्यावर मी चप्पल घातली.

दवाखान्यात तिनं माझा हात सोडला नाही. लोकांना वाटत होतं आंधळीला मी घेऊन आलेय. डोळ्यात औषध घालून बसवलं, मग निळा उजेड लावून दाब मोजला. त्यानंतर एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं एक यंत्र होतं, आतून पांढऱ्या मोठ्या टोपल्यासारखं. हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, समोरच्या ठिपक्यावर नजर. आजूबाजूला कुठंही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीतली मुलगी म्हणाली, "आजी, शोधायचं नाही हं. समोरच बघायचं. दिसला की दाबा."

उजवा डोळा लाल होता तरी त्याला कण भराभर दिसले. इथं, तिथं, खाली, वर. मला खेळ वाटायला लागला.

मग पट्टी बदलली. डाव्यालाही पहिल्यांदा दिसले. एक, आणखी एक. मग थांबले. मी वाट पाहिली. यंत्र आतून टिकटिक करत होतं. माझ्या हातात बटण, बटणावर घाम. कण आले नाहीत. मला कळेना, की यंत्र कण दाखवायचं थांबलंय, का ते दाखवतंय आणि मी बघत नाहीये. ह्यापेक्षा वाईट क्षण मला आठवत नाही, आणि मी काही कमी वाईट दिवस पाहिलेले नाहीत. समोर काहीच नाही, आणि ते नसणं खरं का खोटं हे सांगणारं माझ्याजवळ दुसरं कुणी नाही. एकदा वाटलं खोटंच दाबावं. अंगठा बटणावर आलाही होता. मग वाटलं, फसवणार कुणाला? यंत्राला? अंगठा उचलला.

"झालं का बंद?" मी अंधारातच विचारलं.

"नाही आजी, चालू आहे. समोर बघा."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी कागद पुढं केला. त्यावर दोन गोल होते. एक जवळजवळ सगळा पांढरा, दुसऱ्याच्या उजवीकडं वर काळसर डाग. माझा कोपरा, कागदावर.

"उजवा डोळा सध्या चांगला आहे. डाव्यात काचबिंदू सुरू झालाय."

"फवाऱ्यानं झालं का हो?"

"कसला फवारा?"

मी सगळं सांगितलं. पेस्टल, फिक्सेटिव्ह, वारा. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"नाही. हे कितीतरी आधीपासून असणार. दोन्ही डोळे उघडे असले की एक दुसऱ्याचं झाकून घेतो, त्यामुळे माणसाला कळतच नाही. तुम्हाला कळलं तरी कसं, याचंच मला नवल वाटतंय."

"आता?"

"जे गेलंय ते परत येणार नाही. थेंब रोज घालायचे, जन्मभर, एकही दिवस न चुकता. मग पुढं जाणं थांबतं, बहुतेक."

ते 'बहुतेक' मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, औषधाच्या दुकानासमोर, गाडीत, सगळीकडं चघळत होते. अक्काला ते ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "मला दोन्ही डोळं जाईस्तोवर कुणी बहुतेक बी म्हणलं न्हाई."

संध्याकाळी दिवेलागणीला थेंब घालायची वेळ झाली. बाटली इवलीशी. मी आरशासमोर उभी राहिले, मान मागं टाकली, बाटली डोळ्यावर धरली, दाबली, आणि थेंब कपाळावर. दुसरा नाकावर. बाटलीचं टोक जवळ येताना दिसलं की डोळा आपोआप मिटायचा. औषध वाया जात होतं आणि मला रडू येत होतं, आणि रडलं तर थेंब वाहून जाईल म्हणून रडताही येत नव्हतं.

"इकडं ये," अक्का पलंगावरून म्हणाली.

"तुला दिसत नाही, अक्का. डोळ्यात टोक लागेल."

"मी माझ्या डोळ्यात रोज घालते. मला काय दिसून घालते का? बस इथं."

मी खाली बसले आणि डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिच्या बोटांना लसणाचा वास होता. ती बोटं माझ्या कपाळावरून खाली आली, भुवई ओलांडली, पापणीच्या केसांशी थांबली. एका बोटानं तिनं खालची पापणी हळूच ओढली. दुसऱ्या हातातली बाटली माझ्या गालाच्या हाडावर टेकवून तिनं तिथून वर सरकवत आणली. मला टोक दिसत होतं. ते मोठं होत होतं. त्यावर थेंब लोंबत होता, आणि तिचे डोळे माझ्याकडं नव्हतेच, खिडकीकडं कुठंतरी होते.

"भ्यालीस का?"

"हाव."

"भी. पण मिटू नको."

मी डोळा उघडा ठेवला.